बैलाने सिंहाला जाऊन विचारलं असतं तर

'बाई, नमस्कार. माझी लेक आठ वर्षांची आहे, तिसरीत. आम्ही नाशिकला एका सोसायटीत राहतो. गेल्या महिन्यात समोरच्या फ्लॅटमधली तिची मैत्रीण मधल्या सुट्टीत एका मुलीबद्दल सहज म्हणाली, "हिच्या डब्यात आज मुळ्याची भाजी आहे वाटतं." माझ्या लेकीने ते त्या मुलीला असं सांगितलं: "ती म्हणते, तुझ्या डब्याला घाण वास येतो, तुझ्याशेजारी बसवत नाही." रडारड झाली, कट्टी झाली, खरं काय ते बाहेर आलं आणि आता दोघींची माझ्या लेकीशी कट्टी आहे. समोरच्या ताई लिफ्टमध्ये भेटल्या की मोबाइलमध्ये डोकं घालतात. पूर्वी आमची वाटीभर भाजी इकडून तिकडे जायची. त्यांचा स्टीलचा डबा अजून माझ्या ओट्यावर पडून आहे.

सासूबाई रोज रात्री मुलांना चहाडखोर कोल्ह्याची गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, "आमच्याही घरात एक कोल्हीण आहे हो." पाच वर्षांचा धाकटा आता "कोल्हीण, कोल्हीण" करत तिच्याभोवती नाचतो. आणि लेक हल्ली काही सांगतच नाही. शाळेत काय झालं विचारलं तर "काही नाही". प्राण्यांच्या गोष्टींनी खरंच फरक पडतो का? पडत असेल तर कुठल्या सांगू?'

सप्रेम नमस्कार,

आधी एक काम करा. 'कोल्हीण' हा शब्द आज रात्रीपासून घरातून हद्दपार करा. गोष्ट कुठली आणि कशी, ते सगळं त्यानंतर. गोष्टीतल्या प्राण्याचं नाव घरातल्या पोराला चिकटलं की ते पोर 'पुढे काय झालं' याची वाट बघत नाही, 'आता माझ्यावर येणार' याची वाट बघत बसतं. 'काही नाही' हे उत्तर तिथूनच आलंय. तिची लावालावीची खोड मोडता मोडता तिचं घरी येऊन बोलणंच थांबलं तर फार महागात पडेल, त्यापेक्षा थोडी चहाडी परवडली.

हे मी कुठल्या उंच आसनावरून सांगत नाहीये. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मी वर्गाबाहेर जाताना मॉनिटरच्या हातात खडू देऊन जायचे: 'जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिही.' परत आले की फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात नावांची रांग, काही नावांपुढे फुल्या. जास्त बोलला, जास्त फुल्या. एके दिवशी एका मुलाच्या नावापुढे सात फुल्या होत्या. मी त्याला उभं केलं आणि चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, 'बाई, मी आत्ताच आलो शाळेत.' दप्तर अजून त्याच्या खांद्यावरच होतं. मॉनिटरचं आणि त्याचं आदल्या दिवशी गोट्यांवरून वाजलं होतं. मुलं चहाड्या कुठून शिकतात असं आपण एकमेकींना विचारतो. मी तर पगार घेऊन शिकवत होते.

त्यावर मी काय केलं? तेच, जे तुमच्या सासूबाई करतात. शेवटच्या तासाला कोल्ह्याची गोष्ट सांगितली, मॉनिटरकडे बघत बघत. तात्पर्य विचारलं. सगळ्या वर्गाचे हात वर. 'चहाडी करू नये!' सगळ्यात खणखणीत आवाज मॉनिटरचा होता.

तात्पर्य पाठ असणं आणि गोष्ट अंगी लागणं यात किती अंतर असतं ते मला त्या दिवशी कळलं. पण मी गोष्टीला दोष देणार नाही. ती गोष्ट फार ताकदीची आहे, आपण तिचं भलतंच टोक पकडतो.

सासूबाई सांगतात ती बहुधा पंचतंत्रातली असावी. पहिल्या तंत्राचं नावच 'मित्रभेद'. वर्धमानक नावाच्या व्यापाऱ्याच्या गाडीचा संजीवक बैल पाय मोडून यमुनेकाठच्या रानात मागे राहतो, कोवळं गवत खाऊन चांगला माजतो आणि मोकळ्या गळ्याने हंबरू लागतो. पाणी प्यायला आलेला पिंगलक सिंह तो आवाज ऐकून पाणी न पिताच मागे फिरतो. दमनक कोल्हा मध्ये पडून दोघांची ओळख करून देतो. मग बैलाची आणि सिंहाची अशी गट्टी जमते की दरबारातल्या कोल्ह्यांना कोणी विचारेनासं होतं. आता दमनकाला ही मैत्री मोडायची आहे. तो सिंहाला सांगतो, बैल तुमच्या जिवावर उठलाय. बैलाला सांगतो, सिंह तुला खाणार आहे.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. घरी सांगताना पुढचा बारकावा मात्र हमखास गळतो, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्याच बारकाव्यात आहे. दमनक नुसतं सांगून थांबत नाही, तो दोघांना खुणा सांगून ठेवतो. बैलाला म्हणतो, सिंहाचे डोळे लाल दिसले, भुवया चढलेल्या दिसल्या, तो जिभल्या चाटत असला, की ओळख. सिंहाला म्हणतो, बैल नेहमीसारखा मोकळा न येता शिंगं रोखून आला, की ओळखा. मग भेदरलेला बैल शिंगं सावरत येतो. ते बघून सिंहाचे डोळे लाल होतात. ते लाल डोळे बघून बैल शिंगं आणखी खाली घेतो. दोघांनाही पुरावा डोळ्यांसमोर मिळाला. कोल्ह्याने थाप मारली होती, ती खरी या दोघांनी करून दाखवली. आणि एवढ्या सगळ्यात 'काय रे, तू असं म्हणालास का?' हे पाच-सहा शब्द एकाच्याही तोंडून निघाले नाहीत. बैल जिवानिशी गेला.

दमनकाचं काय झालं? मूळ संस्कृत गोष्टीत त्याला काहीही होत नाही. सिंह मित्राच्या प्रेताजवळ रडतो, दमनक त्याची समजूत घालतो आणि प्रधान होऊन बसतो. हे पुढच्यांना चांगलंच खुपलं असणार. ८व्या शतकात इब्न अल-मुकफ्फा नावाच्या लेखकाने ही गोष्ट पहलवीतून, म्हणजे जुन्या इराणी भाषेतून, अरबीत नेली, तिथे करटक आणि दमनक या दोन कोल्ह्यांचे 'कलीला आणि दिमना' झाले, आणि त्या अरबी पुस्तकात एक जादा प्रकरण आहे: दिमनावर रीतसर खटला चालतो, त्याला शिक्षा होते. आपणही घरोघरी तेच जादा प्रकरण जोडतो. कोल्ह्याला सजा झाल्याशिवाय आपल्याला झोप लागत नाही.

मुलांवर त्या सजेचा परिणाम किती होतो? २०१४ साली कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात ३ ते ७ वर्षांच्या मुलांबरोबर एक प्रयोग केला. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, वळून बघू नकोस सांगायचं, आणि मोठ्या माणसाने मिनिटभर बाहेर जायचं. बहुतेक पोरं बघतातच. मग त्यांना एक गोष्ट सांगायची आणि नंतर विचारायचं, बघितलंस का? 'लांडगा आला रे आला' ऐकलेल्या मुलांनी, म्हणजे खोट्याची भयंकर शिक्षा ऐकलेल्यांनी, गोष्टीमुळे काही जास्त खरं सांगितलं नाही. जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेरीच्या झाडाची गोष्ट ऐकलेल्यांनी जास्त खरं सांगितलं. त्या गोष्टीत मुलगा झाड आपणच तोडल्याचं कबूल करतो आणि बाप त्याला शाबासकी देतो. तीच गोष्ट बदलून शेवटी शिक्षा घातली, तर तो परिणाम नाहीसा झाला.

आणि तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारा दुसरा प्रयोग टोरांटोमधला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. ४ ते ६ वर्षांच्या काही मुलांना वाटून घेण्याबद्दलची एक गोष्ट माणसांची पात्रं घालून वाचून दाखवली, काहींना तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची करून. नंतर स्टिकर वाटायची वेळ आली तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांचा हात सुटला. प्राण्यांची ऐकलेल्यांचा नाही. ज्या मुलांना ते प्राणी आपल्यासारखेच वाटले होते, त्यांनी मात्र त्यातल्या त्यात जास्त वाटले.

म्हणजे रानातून सोसायटीच्या जिन्यापर्यंत पोर आपोआप चालत येत नाही, हे धरून चालायचं. तरीही चहाडीसाठी मी प्राणीच घेईन. ही लाजेची गोष्ट आहे. आठ वर्षांच्या मुलीला तिसरीतल्या मुलीची गोष्ट सांगितली की तिला वास लागतोच. सिंह-वाघाच्या गोष्टीत ती बिनधास्त बोलते, कोल्ह्याची बाजूही घेते. घेऊ द्या. एवढंच की गोष्टीत शिक्षा खाणाऱ्याच्या जागी नीट वागणारा कुणीतरी हवा, आणि तो कोल्हा नसला तरी चालेल.

तशी एक गोष्ट आहे. पाली जातकांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींत, ५४७ कथा आहेत. त्यातली ३४९वी, संधिभेद जातक, ही जवळजवळ आपली मित्रभेदाचीच: सिंह, बैल, मधला कोल्हा, शेवटी सिंह-बैल दोघेही मरतात आणि कोल्हा जेवतो. पण थोडं पुढे ३६१वी आहे, वण्णारोह जातक. तिथेही दोन मित्र आणि एक कोल्हा, फक्त शेवट निराळा. दुर्गा भागवतांनी जातककथा मराठीत आणल्या आहेत, मोठ्या वाचनालयात सापडतील. मी वर्गात सांगायचे ती थोडी माझी झालेली आहे, तशीच देते.

एका रानात एक सिंह होता, त्याचं नाव सुदाठ. एक वाघ होता, त्याचं नाव सुबाहू. दोघं जिवाभावाचे मित्र. त्यांचं उष्टंमाष्टं खाऊन एक कोल्हा पोट भरायचा. एक दिवस त्याच्या मनात आलं, सगळ्यांचं मांस खाऊन झालं, सिंहाचं आणि वाघाचं तेवढं राहिलं. हे दोघे भांडले तर! तो सिंहाकडे गेला. 'महाराज, एक सांगू? रागावणार नाही ना?' (या वाक्याला वर्गात कायम हशा. 'कुणाला सांगू नकोस हं' याचं हे सख्खं भावंड, पोरं लगेच ओळखतात.) 'वाघोबा म्हणत होते, सिंहाची काय ती ऐट, नुसती आयाळ! माझ्या सोळाव्या हिश्श्याची सर नाही त्याला.' सिंह म्हणाला, 'हट्! सुबाहू असं बोलायचा नाही.' कोल्हा निघाला तो वाघाकडे. 'एक सांगू? रागावणार नाही ना?' वाघाने ऐकलं. त्याला फार वाईट वाटलं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी तो उठला आणि तरातरा सिंहाच्या गुहेकडे निघाला...

इथे मी थांबायचे. वाघ आता काय करेल?

'चावेल.' 'पंजा मारेल.' 'कट्टी घेईल.' 'बाकीच्या वाघांना सांगेल आणि सगळे मिळून सिंहाशी बोलायचं बंद करतील.' हे शेवटचं उत्तर नेहमी मुलींकडून यायचं, अगदी तपशिलासकट. 'जाऊन विचारेल' असं म्हणणारं पोर मला क्वचित भेटलं.

आणि वाघ तेच करतो. गुहेच्या तोंडाशी उभा राहून म्हणतो, 'सुदाठ, तू माझ्याबद्दल असं म्हणालास का रे?' सिंह म्हणतो, 'नाही. मला तर कळलं की तूच म्हणालास!' दोघं एकमेकांकडे बघतात. तोवर कोल्हा रान सोडून पळालेला असतो.

मुलांचा हिरमोड होतो. 'एवढंच?' हो, एवढंच.

आता ती गोष्ट करून बघायची. तुमच्याकडे दोन पोरं आहेत, सासूबाई आहेत, पात्रं पुरतील. लेकीला वाघ करा. कोल्हा तुम्ही व्हा, ती भूमिका तिला अजिबात देऊ नका. मग तिला ते वाक्य म्हणायला लावा. पहिल्यांदा ते फौजदारासारखं येईल, 'तू असं म्हणालास?' माझ्या वर्गात एकाने सिंहाची गचांडीच धरली होती. मग तेच वाक्य 'का रे' लावून. मैत्रीण असली तर 'का गं'. म्हणून बघा मोठ्याने: 'तू असं म्हणालीस?' आणि 'तू असं म्हणालीस का गं?' पहिल्यात निकाल लागलेला आहे, दुसऱ्यात समोरचीला 'नाही गं' म्हणायला जागा आहे. आपल्या भाषेने हे एवढंसं अक्षर फुकट दिलेलं आहे, ते पोरांच्या जिभेवर बसवायला आठवडा लागतो.

भाषेवरून आठवलं. चहाडीबद्दलचे आपले वाक्प्रचार मोजून बघा. कान भरणे, कान फुंकणे, कानाला लागणे, हलक्या कानाचा. बोलणाऱ्याच्या तोंडाइतकाच, किंबहुना जास्तच, ऐकणाऱ्याच्या कानाचा पंचनामा आपल्या पूर्वजांनी करून ठेवलाय. तुमची लेक या खेपेला सांगणारी होती. पुढच्या दहा वर्षांत ती ऐकणारी कितीतरी जास्त वेळा असेल. तेव्हा कामाला वाघ येईल.

धाकट्यासाठी वेगळी गोष्ट. पाच वर्षांच्या पोराला कोण कुणाबद्दल मनात काय समजून बसलंय ही गुंतागुंत अजून पुरती पेलत नाही, त्याला पळापळ हवी. 'पळा पळा, आभाळ पडलं!' त्याला माहीत असेलच. तिचं जातकातलं रूप, दद्दभ जातक, मला आपल्या नेहमीच्या गोष्टीपेक्षा आवडतं. ससा ताडाच्या रोपाखाली पडल्या पडल्या विचार करतो, पृथ्वी दुभंगली तर मी कुठे जाऊ? तेवढ्यात ताडाच्या पानावर एक बेलफळ पडतं, धाडकन. ससा सुटला. त्याच्यामागे ससे, हरणं, रानडुकरं, म्हशी, गेंडे, वाघ, सिंह, हत्ती. मग एक न पळालेला सिंह आडवा उभा राहतो आणि विचारतो, 'पृथ्वी दुभंगली हे कोणी पाहिलं?' हत्ती म्हणतात, सिंहांना माहीत. सिंह म्हणतात, वाघांना. वाघ म्हणतात, गेंड्यांना. असं करत करत सशापर्यंत. आणि तो सिंह सशाला ओरडत नाही. त्याला पाठीवर घेतो, त्याच जागी घेऊन जातो आणि ते बेलफळ दाखवतो.

धाकट्याला हत्तीपासून सशापर्यंतची उतरंड पाठ होईल, रोज म्हणेल. मग कधीतरी तो धावत येऊन 'ताईने फुलदाणी फोडली' म्हणेल, तेव्हा तुम्ही सिंहाच्या आवाजात विचारा, 'कोणी पाहिलं?' हसेल आणि खरं सांगेल. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगणं त्या वयात खोटेपणा नसतोच पुष्कळदा, ते नुसतं मागे पळणं असतं. त्याचं 'कोल्हीण, कोल्हीण' हेही तेच. एक ओरडला की बाकीच्यांनी सूर लावायचा, याला आपण कोल्हेकुई म्हणतो, आणि तुमच्या घरात ती लेक करत नाहीये.

(जाता जाता कोल्ह्याची बाजू. पुस्तकांतल्या चित्रांत जो लालसर, झुपकेदार शेपटीचा दाखवतात तो निराळाच प्राणी आहे. आपला कोल्हा करडा-पिवळसर, आणि झुपकेदार शेपटीची आपल्याकडची छोटी असते तिला म्हणतात खोकड. कोल्हा-कोल्हीण जोडीने राहतात, आधीच्या विणीतली मोठी पिल्लं कधी कधी धाकट्यांना सांभाळायला थांबतात. पंचतंत्रकारांनी बिचाऱ्याला कायमचं बदनाम करून ठेवलंय. लेकीला हे जरूर सांगा, तिला बरं वाटेल.)

आता एक भीती. अशा गोष्टी सांगता सांगता आपण मुलांना नकळत 'गप्प बस' शिकवून बसतो. चहाडी आणि सांगणं यात फरक आहे, आणि तो त्यांना आपणच करून द्यायचा. मी ताडोबाची गोष्ट सांगायचे. तिथे झाडावर बसलेल्या वानराला वाघ दिसला की ते खाकरल्यासारखा आवाज काढतं. गाईड लगेच जिप्सी थांबवायला सांगतो, 'कॉल आला.' चितळं कान टवकारतात. वानराच्या कॉलवर गाईडचा भरवसा, कारण ते उंचावरून बघतं. वानराने वाघाची चहाडी केली का? पोरं म्हणतात, 'नाही, त्याने चितळाला वाचवलं.' मग विचारायचं, वानर आणि ससा यांच्यात फरक काय? एकदा एक मुलगा म्हणाला, 'वानराने पाहिलं होतं.' दुसरी म्हणाली, 'आणि खरंच कुणीतरी मेलं असतं.' मला याहून चांगली व्याख्या आजवर करता आलेली नाही. कुणाला लागतंय, कुणी मारतंय, कुणी नको तिथे हात लावतंय, कुणी 'घरी सांगू नकोस' म्हणून धमकावतंय, तर तो कॉल आहे, चहाडी नव्हे. तो द्यायचाच, कोणी 'चुगलखोर' म्हटलं तरी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिसरीतल्या मुलीला पाठ असायला हरकत नाही.

लेकीने 'मुळ्याची भाजी'चं 'घाण वास' का केलं, हेही बघा. मनात विष होतं म्हणून केलं असं मला वाटत नाही. नुसती 'मुळ्याची भाजी' कोण ऐकतंय? तिखटमीठ लावलं की दोन डोकी तिच्याकडे वळतात. रॉबिन डनबार नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ म्हणतात की माकडं एकमेकांच्या अंगावरची केसं विंचरत बसून जी जवळीक साधतात, तीच माणसं गप्पांनी आणि एकमेकांबद्दल बोलून साधतात. म्हणजे दुसऱ्यांबद्दल बोलणं मुळातून उपटायचं म्हटलं तर माणूसच उपटावा लागेल. लेकीला बोलायला चांगलं येतं, ऐकणाऱ्याला काय हवंय ते कळतं. तिला रोज रात्री धाकट्याला एक गोष्ट सांगू दे, हवं तितकं तिखटमीठ घालून, सशाच्या मागे डायनासोर पळवून. रविवारी सगळे मिळून कानगोष्टी खेळा. सासूबाईंच्या कानात 'आज डब्यात मुळ्याची भाजी आहे' सांगा आणि फिरून तुमच्याकडे काय येतं ते ऐका. सगळे हसतील, तिच्यासकट. कुणीही लबाडी न करता वाक्य कसं बिघडतं ते तिने बघितलं की तिच्यावरचं ओझं जरा हलकं होईल.

सासूबाईंची गोष्ट बंद करू नका. रात्री नातवंडांना गोष्ट सांगणारी आजी किती घरांत उरलीये? त्यांना एवढंच म्हणा, 'आई, शेवटचं वाक्य तेवढं गाळाल का? पोर कोमेजतं हो.' त्यांनी कहाण्या वाचल्या असतील, व्रताच्या. त्यांचा शेवट आठवून द्या: 'तसं तुम्हां आम्हां होवो. ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.' कहाणी सांगणारी समोर बसलेल्या कुणाकडे बोट दाखवत नाही, सगळ्यांचं भलं मागून पोथी मिटते. त्यांना पटेल. आणि पटलं नाही तर वाघाची भूमिका त्यांना द्या, आज्या वाघ फार झकास करतात.

झाल्या प्रकाराची भरपाई लेकीने करायची, पण सगळ्यांसमोर उभं करून 'सॉरी म्हण' करून नव्हे. ज्या मुलीला तिने सांगितलं, तिला एकटीला गाठून एकच वाक्य: 'ती तसं नव्हती म्हणाली. वास हा शब्द माझा होता.' हे म्हणायला मोठ्यांनाही जड जातं. घरी दोन-तीनदा म्हणून बघू द्या. ती मुलगी लगेच बट्टी करेल असं नाही, तसं वचन लेकीला देऊ नका. समोरची मैत्रीण बहुतेक त्यानंतर आपणच येईल.

राहता राहिल्या समोरच्या ताई. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि एक वाक्य शोधत होते. त्या मोबाइलमध्ये डोकं घालतात असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही त्यांना काही विचारलंत असं कुठेच लिहिलेलं नाही. लिफ्टमध्ये तुम्हीही त्या वेळी कुठेतरी बघत असाल, वरच्या लाल आकड्यांकडे, चौथा, पाचवा, सहावा, आणि त्या तुमच्याबद्दल घरी काय सांगत असतील देव जाणे. महिनाभर दोघी एकमेकींची शिंगं आणि डोळे बघताय.

बेल वाजवा. लेकीला बरोबर नेऊ नका, हे तुमचं तुमचं आहे. 'तुम्ही रागावलात का हो?' एवढंच विचारायचं, आणि त्यातला 'हो' गिळायचा नाही. ओट्यावरचा डबा घेऊन जा. महिनाभर ठेवलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. थालीपीठ घाला, शेंगदाण्याचे लाडू घाला, घरात असेल ते. मुळ्याची भाजी तेवढी नको.